भागीदार न होण्याचा हिशेब

जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज आमच्या वडगावला कोंडीत सापडली. मराठ्यांनी तहाची अट घातली तेव्हा फौजेबरोबरच्या समितीने आधी सांगून पाहिलं, की असा तह करायचा अधिकार आम्हाला नाही, त्याला कलकत्त्याची मंजुरी लागते. महादजी शिंद्यांनी ते चालू दिलं नाही. तह झाला, सह्या झाल्या, फौज सुटून मुंबईला गेली. फौज सुखरूप पोचल्यावर मुंबई सरकारने आणि पुढे कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जने तो तह धुडकावून लावला. कारण काय, तर सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता.

मावळ तालुक्याच्या या गावाचं नाव ज्या कागदामुळे इतिहासाच्या पुस्तकांत गेलं, त्या कागदाची ही अशी गत. वडगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. कागदावर नाव कोणाचं आणि त्या नावामागे हक्क किती, या एकाच प्रश्नावर आमची निम्मी वकिली चालते. अलीकडे मात्र हा प्रश्न जमिनीऐवजी वकिलांबद्दलच विचारला जाऊ लागला आहे, आणि विचारणारी मुलं इथलीच आहेत.

मावळातून मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जाणं आता अप्रूपाचं राहिलेलं नाही. तळेगाव, कामशेत, लोणावळ्याची मुलं पुण्यात आयएलएसला किंवा एखाद्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षं शिकतात, फर्ममध्ये लागतात, लोअर परळ नाहीतर बीकेसीच्या काचेच्या इमारतीत रात्री अकरापर्यंत बसतात आणि रविवारी घरी येऊन झोपतात. असोसिएट, सीनियर असोसिएट, प्रिन्सिपल असोसिएट अशा पायऱ्या चढत आठ-दहा वर्षं गेली की एक दिवस केबिनमध्ये बोलावणं येतं. पार्टनरशिपच्या रांगेत उभं राहणार, की काउन्सेल होणार? काउन्सेल म्हणजे फर्ममधला ज्येष्ठ वकील, पण भागीदार नव्हे. नफ्यात वाटा नाही, भागीदारांच्या बैठकीत मत नाही. बदल्यात ठरलेली रक्कम, आणि अशील आणायचा तगादा नाही. कुठे याला कन्सल्टंट म्हणतात, कुठे अशा माणसाला नॉलेज मॅनेजमेंटमध्ये बसवतात. घरी कळलं की आईवडील पहिलं वाक्य बोलतात ते असं, ‘म्हणजे पार्टनर नाही केलं का?’

या वाक्यात जो कमीपणा गृहीत धरलेला आहे तो मला मान्य नाही. भागीदारी सोडण्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो ती फुकट सोडण्यात. वाटा सोडायचा तर वाट्याबरोबर येणारं दायित्व, वेळीअवेळीची वेठ आणि उद्याची धास्ती हीही सुटली पाहिजेत. आपल्याकडच्या बऱ्याचशा काउन्सेलपदांत वाटा तेवढा जातो आणि बाकी सगळं अंगावर राहतं. वाद घालायचा तर तो तिथे घालायला हवा.

‘वर चढा नाहीतर बाहेर पडा’ हा दंडक न्यूयॉर्कच्या पॉल क्रॅव्हाथ यांच्या फर्मने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिला. ठरावीक वर्षांत भागीदार झाला नाहीत तर फर्म सोडायची. जगभरच्या मोठ्या फर्मांनी त्याची कमीजास्त नक्कल केली. आपल्याकडे तो नियम लेखी कधीच नव्हता, पण मनोवृत्ती तीच आली. गंमत अशी, की २०२३ च्या अखेरीस खुद्द क्रॅव्हाथ फर्मनेच नफ्यात वाटा नसलेल्या, पगारी भागीदारांची पायरी सुरू केली. ज्या घरातून नियम निघाला त्या घरानेच तो सैल केला. आमच्याकडचे मामा-काका अजून जुनाच नियम धरून भाच्यांना जोखत आहेत.

भारतात तर भागीदारीची दारं कायद्यानेच अरुंद होती. १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसपेक्षा जास्त माणसांना भागीदारी फर्म काढता येत नसे. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा म्हणजे एलएलपीचा कायदा २००८ मध्ये आला आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने वकिलांसारख्या व्यावसायिकांना संख्येच्या अटीतून मोकळं केलं, तेव्हा कुठे शेकडो भागीदारांच्या फर्म शक्य झाल्या. त्याआधी फोर्टातल्या सॉलिसिटर फर्मांच्या पाट्या बघितल्या तर नावं कोणाची? क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, मग मुल्ला, कांगा, वाडिया. इंग्रज, पारशी, गुजराती. मराठी माणूस या फर्मांमध्ये असे, पण बहुधा मॅनेजिंग क्लार्कच्या टेबलाशी. हायकोर्टातल्या प्रोथोनोटरीच्या कचेरीत कुठला अर्ज कुणापुढे जातो, कुठल्या प्रतिज्ञापत्रात कुठलं वाक्य राहिलं की रजिस्ट्री ते परत पाठवते, हे त्याला पाठ. भागीदार त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत. तो निवृत्त झाला की मात्र निरोपसमारंभ, घड्याळ आणि भागीदारांच्या मर्जीवर असेल ते. भागीदार नसलेल्या जाणकाराची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. त्या जाणकाराला त्याच्या जाणकारीचं मोल लेखी बांधून देण्याची परंपरा नाही.

आणि भागीदारीच्या शिखरावर तरी काय असतं? देशातली त्या काळची सर्वांत मोठी लॉ फर्म, १९१७ पासूनची अमरचंद मंगलदास, २०१५ मध्ये दोन भावांत वाटली गेली. आईच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेला वाद शेवटी तडजोडीने मिटला, एक भाऊ मुंबईचा, एक दिल्लीचा. आमच्या वडगावच्या न्यायालयात रोज उभे राहणारे वाटपाचे दावे आणि तो वाद यांत रकमेखेरीज फार फरक नव्हता. अशा घरात बाहेरून आलेल्या हुशार मुलाने कितीही वर्षं काढली तरी त्याच्या हक्काची उंची कुठवर, हे घरच्यांनीच ठरवायचं.

आता पगारी भागीदार, सॅलरीड पार्टनर, या पदाकडे येतो. काउन्सेल आणि खरा भागीदार यांच्या मधली ही जागा आज सर्वांत जास्त वाटली जाते, आणि तिन्हींत ती सर्वांत वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘पार्टनर’ छापलेलं असतं, नफ्यात वाटा नसतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम २८ वाचून बघा. स्वतःला भागीदार म्हणवणारा, किंवा दुसऱ्यांनी तसं म्हटलेलं जाणूनबुजून चालू देणारा माणूस, त्या भरवशावर फर्मला उधार देणाऱ्यापुढे भागीदाराइतकाच जबाबदार धरला जातो. नफा मिळतो की नाही, हे त्या कलमात कोणी विचारत नाही. एलएलपीच्या कायद्यातही अशाच आशयाचं कलम आहे. तिथे दुसऱ्या भागीदाराच्या चुकीचा भार अंगावर येत नाही हे खरं, पण सगळ्या फर्म काही एलएलपी नाहीत, आणि उमेदीत असलेला पस्तिशीचा वकील आपली फर्म नोंदलेली आहे तरी कशी, हे विचारायला विसरतो. अशिलांचे करार तपासण्यात त्याची दहा वर्षं गेलेली असतात, स्वतःचं पत्र तो तपासत नाही.

याला लोक उत्तर देतात की ‘पार्टनर’ हा शब्द बाजारात चालतो. बँक कर्ज देते, अशिलाचा सीएफओ फोन उचलतो, दुसऱ्या फर्ममध्ये जायचं तर वरच्या पायरीवर घेतात. खरं आहे. पण मग तो शब्द किती रुपयांना विकत घेतला, ते तरी मोजा. बारा महिने टार्गेट, वर कलम २८, आणि वर्षाअखेरीस ‘इक्विटीचं पुढच्या वर्षी बघू’.

काउन्सेलपदाच्या बाजूने माझा कल का, ते मावळातल्याच कामावरून सांगतो, कारण मोठ्या फर्मा आणि आमचा तालुका जिथे भेटतात ती जागा म्हणजे जमिनीचं टायटल. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावची एमआयडीसी वाढली, जनरल मोटर्स आली, २०२० च्या अखेरीस तिने उत्पादन थांबवलं, तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. लोणावळ्याच्या आसपास मुंबईकरांचे बंगले आणि रिसॉर्ट उठले. या प्रत्येक व्यवहाराच्या तळाशी एक टायटल रिपोर्ट असतो. खाली सही भागीदाराची. वरची पंचवीस-तीस पानं कोणी लिहिली, हे कुठे नोंदलेलं नसतं.

ती पानं कशी लिहिली जातात? समजा पवन मावळातला एखादा गट आहे. सातबारावर एकच नाव, वर्ग एक, इतर हक्कांचा रकाना जवळजवळ कोरा. नवशिक्या असोसिएटला हे टायटल स्वच्छ दिसतं. जाणता माणूस गटाचा जुना सर्व्हे नंबर काढतो, एकत्रीकरणाच्या वेळी काय कशात गेलं ते बघतो आणि फेरफार उलटे वाचत जातो. साठच्या दशकातल्या एका फेरफारात त्याच नावापुढे तीन अक्षरं सापडतात, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं ते घरातल्या सर्वांच्या वतीने. पुढे कधीतरी सातबारा नव्याने लिहिला गेला तेव्हा ती तीन अक्षरं गळाली आणि थोरला एकटाच मालक झाला. धाकटे भाऊ आहेत, बहिणी आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत दिलेला हक्क आहे, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ ला हयात होते का, हा प्रश्नही निकाली काढलेला आहे. ती तीन अक्षरं ज्याला दिसली नाहीत त्याचा अहवाल पुढे दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून नव्हे, हसं म्हणून वाचला जातो.

दुसरी तऱ्हा कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कूळ मालक मानलं गेलं, कलम ३२ग खाली किंमत ठरली, ३२म चं प्रमाणपत्र मिळालं, आणि परवानगीशिवाय न विकण्याची कलम ४३ ची अट बसली. ती अट अलीकडच्या दुरुस्तीने सैल झाली आहे, पण दुरुस्तीच्या आधी परवानगीशिवाय झालेल्या विक्रीचं काय? तिसरी तऱ्हा डोंगरउताराची. ३० ऑगस्ट १९७५ ला खासगी वनं सरकारजमा झाली. लोणावळ्याच्या बाजूच्या एखाद्या उतारावर त्याची नोंद कुठे आहे, कुठे पुसली गेली आहे, कुठे फक्त तलाठ्याच्या तोंडी आहे. (तलाठ्याला २०२४ पासून सरकारने ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, गावात अजून कोणी तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही.) गोदरेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की जुन्या वनकायद्याखाली नोटीस नुसती निघून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे. म्हणजे आता सत्तर वर्षांपूर्वीच्या नोटिशीची पोच शोधायची. शिवाय पवना धरणाच्या पुनर्वसनाचे शेरे, देवस्थान इनाम, वतनाच्या जमिनींची नवीन शर्त, मोडीतले कागद.

हे ज्ञान वयाबरोबर वाढतं. तिशीत ते नसतं, पन्नाशीत असतं. आणि हे ज्ञान असलेला माणूस अशील आणत नाही. तो गोल्फ खेळत नाही, परिषदांत बोलत नाही, विकासकाच्या मुलाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसत नाही. काम आणणारा वेगळा, काम जाणणारा वेगळा, आणि फर्मला दोघे लागतात. भागीदारीची मोजपट्टी मात्र पहिल्यासाठीच बनवलेली आहे. जाणणाऱ्याला तिच्यापुढे उभं केलं की दोनपैकी एक होतं: तो आणणारा बनण्याच्या नादात फेरफार वाचायचं सोडतो, नाहीतर दहाव्या वर्षी बाहेर पडतो. दोन्हींत फर्म गमावते, आणि तिचा टायटल रिपोर्ट पुन्हा तीन वर्षं अनुभवाच्या मुलाच्या हाती येतो. म्हणून काउन्सेलची जागा ही दया नव्हे, ती फर्मची गरज आहे. गरज आहे तर तिचा भाव मागता येतो.

माझी भाची कामशेतची. मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये जमीन-मालमत्तेच्या विभागात तिला बरीच वर्षं झाली. तिला काउन्सेलपद देऊ केलं तेव्हा तिने फोनवर विचारलं, “मामा, मला एवढंच कळत नाहीये, पार्टनर करायचं नाही म्हणून काउन्सेल करतायत, की काउन्सेल हवाय म्हणून?”

मी म्हटलं, “पत्रात काय लिहिलंय ते वाचून दाखव.”

पत्र दीड पानाचं होतं. पदाचं नाव ठळक, रक्कम, गोपनीयतेचं मोठं कलम, आणि दोन्ही बाजूंनी तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येईल अशी एक ओळ. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत होतं. जो माणूस पुढची वीस वर्षं हवा आहे, त्याला कोणी तीस दिवसांच्या दोरीवर ठेवत नाही.

इथे वकिली व्यवसायातली एक अडचण सांगितली पाहिजे, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते आणि आतल्यांना सवयीने दिसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ म्हणतो की वकिली चालू असेपर्यंत वकिलाला कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. त्यात व्यक्ती, सरकार, फर्म, कंपनी सगळं आलं. मग फर्ममधले शेकडो असोसिएट काय आहेत? कागदोपत्री ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत. त्यांना पगार नव्हे, रिटेनर मिळतो. त्यातून व्यावसायिक फीवरचा टीडीएस कापला जातो. बसायला टेबल फर्मचं, रजा फर्मने मंजूर करायची, दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही, पण भविष्यनिर्वाह निधी नाही आणि ग्रॅच्युइटीचा हक्क नाही. बाळंतपणाच्या रजेचं प्रत्येक फर्मचं आपापलं धोरण असतं, आणि धोरण म्हणजे कायदा नव्हे.

पंचविशीत याचं काही वाटत नाही. रक्कम मोठी असते आणि भागीदार झालो की सगळं भरून निघेल, असा हिशेब असतो. भागीदारी हीच या व्यवसायात म्हातारपणाची तरतूद मानली गेली आहे. ज्याने भागीदारीची वाट सोडली त्याची ती तरतूदही गेली, आणि नोकराची तरतूद तर त्याला कधी नव्हतीच. म्हणजे तो मालकही नाही आणि नोकरही नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यातल्या कायम कामगाराला जे कायद्याने मिळतं, ते त्या कारखान्याच्या जमिनीचं टायटल तपासणाऱ्या काउन्सेलला मिळत नाही. हा नियम कधीकाळी वकिलाची स्वतंत्र बुद्धी जपायला केला गेला, यात शंका नाही. पण आज मोठ्या फर्ममध्ये तो ज्याची बुद्धी जपतो त्याचंच म्हातारपण उघडं टाकतो. फर्मांना याचा खर्च वाचतो, म्हणून त्या बोलत नाहीत. भागीदार होऊ पाहणारे बोलत नाहीत, कारण उद्या तेच फर्म असणार. बोलायचं काउन्सेलने, आणि त्याला तीस दिवसांची नोटीस.

या वाटेबद्दल दुसरी एक शंका बायकांच्या बाजूने घेतली जाते आणि ती रास्त आहे. काउन्सेलपद हळूहळू लोकलमधल्या बायकांच्या डब्यासारखं होईल, सोयीचं खरं, पण मोटरमन कधीच त्यातून निवडला जाणार नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये फेलिस श्वार्ट्झ यांनी मुलंबाळं असलेल्या स्त्रियांसाठी वेगळ्या वेगाची वाट असावी, असं लिहिलं तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला ‘मम्मी ट्रॅक’ असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्याच्या पाच वर्षं आधी एलिझाबेथ हिशन या वकीलबाईंच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की नोकरीच्या अटींत भागीदारीसाठी विचार होण्याचं आश्वासन असेल तर त्या विचारातून कुणाला स्त्री म्हणून वगळता येणार नाही. आपल्याकडे अशी कसोटी लागायला आधी नोकरी हा शब्द कागदावर असावा लागतो, आणि तो तर नियम ४९ ने पुसलेला आहे. भाचीला म्हणून मी दुसरा प्रश्न विचारायला सांगितलं: फर्ममध्ये आज जे काउन्सेल आहेत त्यांत पुरुष किती? एकही नसेल तर ती वाट नव्हे, बाजूला सारणं आहे.

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सगळेजण त्याच्यापासूनच सुरुवात करतात. ‘काउन्सेल झालं की आयुष्य मिळतं.’ लोणावळ्यात नाहीतर तळेगावात राहायचं, आठवड्यातून दोनदा गाडी पकडून मुंबईला जायचं, बाकी घरून. करोनानंतर हे खरोखर करणारे लोक आहेत. पण ठरलेली रक्कम म्हणजे ठरलेले तास असं कुठल्याही पत्रात लिहिलेलं नसतं. रात्री साडेदहाला भागीदाराचा मेसेज येतो, ‘उद्या सकाळी अशिलाला द्यायचं आहे’, तेव्हा काउन्सेल आणि असोसिएट यांच्यातला फरक मोबाइलला कळत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण संस्थेतली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल गेली. तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर भरपूर बोललं गेलं, पण तासांचं कलम आपल्या पत्रात घालून देणारी लॉ फर्म मला तरी अजून भेटलेली नाही.

उलट बाजूही मांडतो. काउन्सेलला स्वतःचे अशील नसतात, म्हणून फर्म सोडली तर त्याच्याबरोबर काहीच येत नाही. खर्च कमी करायची वेळ आली की महाग, पण धंदा न आणणारा माणूस आधी नजरेत भरतो. सातबारा ऑनलाइन आहे, नोंदणी विभागाचा ई-सर्च आहे, आणि आता पन्नास फेरफारांचा गोषवारा यंत्र काही मिनिटांत काढून देतं. जाणकारीचा हमाली भाग स्वस्त होणार, हे धरून चाला. ए.कु.मॅ. ही अक्षरं यंत्रालाही सापडतील; पण धाकटा भाऊ साठ वर्षं कुठे होता आणि त्याची नातवंडं दावा लावतील का, हे मात्र गावात विचारावं लागतं. तेवढ्यावर एका माणसाचा चरितार्थ चालेल, पाचांचा नाही.

तिसरी वाट अर्थातच वडगावची. स्वतःची सनद, बार रूममधली खुर्ची, दुय्यम निबंधकाच्या दारातले एजंट, तारखांवर तारखा. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या वकिलांना सीनियरांनी शहरात महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, अशी शिफारस केली. वडगावच्या ज्युनियरांना ते किती मिळतात, हे त्यांनाच विचारा. पण इथल्या वकिलाचं नाव त्याच्या वकीलपत्रावर असतं, चूक त्याची, श्रेय त्याचं, अशील त्याचा. पन्नाशीला त्याला कोणी तीस दिवसांची नोटीस देऊ शकत नाही. मुंबईचा काउन्सेल याच्या तिप्पट-चौपट कमवत असेल, तरी ही एक गोष्ट त्याच्याकडे नसते. मी कोणाला मुंबई सोडून इकडे या म्हणत नाही. मोठ्या व्यवहारातलं काम मोठ्या फर्ममध्येच शिकायला मिळतं, आणि सगळ्यांना कोर्टात उभं राहायचं नसतं.

काउन्सेल व्हा, पण या अटी लिहून घेऊन: नोटीस किमान सहा महिन्यांची. निवृत्तीची तरतूद म्हणून दर वर्षी ठरावीक टक्के रक्कम वेगळी, पीएफ म्हणता येत नसेल तर दुसऱ्या नावाने, पण आकडा पत्रात. व्यावसायिक दायित्वाच्या विम्यात आपलं नाव. अहवालावर भागीदाराच्या सहीबरोबर तयार करणाऱ्याचं नाव. लिहिण्या-शिकवण्याची मोकळीक, कारण अशील नसलेल्या वकिलाची कमाई म्हणजे त्याचं नाव; दिनशा मुल्ला यांच्या फर्मचं नाव आज किती जणांना माहीत आहे? त्यांचं ‘हिंदू लॉ’ मात्र वडगावच्या बार रूममधल्या कपाटातही आहे. आणि ‘पार्टनर’ हा शब्द वाट्याशिवाय देत असतील तर नको म्हणा.

माझ्या भाचीने सहा महिने मागितले, तीन मिळाले. अहवालावर नाव मिळालं नाही. तिने पद घेतलं, आणि दोन वर्षांनी पुन्हा बघू म्हणाली. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो. पण एकट्याने केबिनमध्ये बसून घासाघीस करण्याने नियम ४९ बदलणार नाही. मोठ्या फर्ममधल्या वकिलांनाही बार कौन्सिलच्या निवडणुकीत मत असतं, आणि त्यातले बहुतेक ते टाकायला जात नाहीत. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचे उमेदवार मतं मागायला आमच्या वडगावच्या बार रूमपर्यंत येतात, चहा पितात, फोटो काढतात. पुढच्या खेपेला ते तुमच्या दारात आले तर चहाआधी त्यांना विचारा: फर्ममध्ये वीस वर्षं काढलेल्या वकिलाला ग्रॅच्युइटी का नाही?